एक्केचाळीसाव्या अंकाची पुरवणी

४ मार्च

टकटककाका,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तुम्ही "हो हो, ये कधीतरी" म्हणून ठेवून देता. म्हणून हे पत्र. कानाला यंत्र लावून घ्या असं सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

कामाचं बोलते. आमच्या ग्रंथालयाने एक पुस्तक काढायचं ठरवलंय: जादूगारांनी जादूगारांसाठी घरच्या घरी काढलेल्या छोट्या मासिकांचा इतिहास. टाइप करायचं, हाताने मशीन फिरवायचं, दोन पिना मारायच्या आणि पोस्टात टाकायचं, ती मासिकं. बांधणी विभागात नऊ वर्षं मी दुसऱ्यांची पुस्तकं शिवत बसलेय. या वेळी लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, कारण मी 'रिकामी मूठ'च्या संपादकांची मुलगी. आतापर्यंत अकरा मासिकं हाती लागलीत. 'पडद्यामागे'चे तेवीस अंक, 'तेरावं पान'चे सहा, 'बाही'चे दोनच, तेही उंदरांनी चाखलेले. आपल्या 'रिकामी मूठ'चे एक्केचाळीस. आणि मग एकदम बंद. शेवटच्या अंकात पुढच्या अंकाची मोठी चौकट आहे, म्हणजे बंद करायचा विचार नव्हता. मग झालं काय? टाइप तुम्ही करायचात, छापायचात तुम्ही, पत्ते लिहून पोस्टात टाकायचात तुम्ही. बाबा गेले. आता तुमच्याशिवाय विचारू कुणाला?

आणखी एक. बाबांच्या खणात अठरा पोस्टकार्डं सापडली. सगळी एकाच अक्षरातली, दरवर्षी फेब्रुवारीतली, पाठवणाऱ्याचं नाव नाही. मजकूर तोच: "अंक मिळाला. पुरवणी मिळाली नाही." एवढंच! मी आधी हसले. पण गेल्या आठवड्यात एकोणिसावं आलं. बाबांना जाऊन चार महिने झाले आणि हे कार्ड त्यांच्या नावावर, दाराच्या फटीतून आत पडलेलं. दिवसाउजेडी, चांगली अकरा वाजताची वेळ, पण उचलायला माझा हात होईना. कोण आहे हा माणूस?

तुमचं,
घुबड

१२ मार्च

घुबडा,

इतिहास! आमचा! हसता हसता मला ठसका लागला. अगं, आम्ही अकरा वेडे होतो. प्रत्येकाला वाटायचं की जगात आपलंच मासिक खरं. 'पडद्यामागे'चा संपादक पोस्टमन होता. त्यामुळे त्याचा अंक वेळेवर यायचा आणि बाकीच्यांचे हरवायचे, असं आम्ही त्याच्या तोंडावर म्हणायचो. 'तेरावं पान' एक शाळामास्तर काढायचा, कार्बन लावून आठ प्रती. आठवी प्रत वाचायलाच जादू लागायची. 'बाही'वाल्याने एकदा बारा कोरी पानं पाठवली आणि वर लिहिलं, 'अदृश्य होण्याचा विशेषांक'. सगळ्यांनी वाहवा केली. दोघांनी मात्र पानं मेणबत्तीवर धरली, जाळून टाकली आणि दुसरी प्रत मागितली!

आपला अंक असा निघायचा. तुझे बाबा पाठकोऱ्या कागदांवर लिहून द्यायचे, मी मेणकागदावर टाइप करायचो. चुकलं की गुलाबी औषधाचा ठिपका लावायचा, फुंकर मारायची, पुन्हा ठोकायचं. चित्रं त्यांची. त्या चित्रांतला प्रत्येक हात तुझ्या आईचा आहे, बघ, करंगळी जरा वाकडी. मग मशीनचा दांडा फिरवायचा आणि तू टेबलाखाली बसून आमच्याकडे टक लावून बघायचीस. घुबड नाव काय उगाच पडलं?

एक गोष्ट पुस्तकात जरूर घाल. आम्ही सगळेच एक रिवाज पाळायचो. जादू अख्खी छापायची, पण एक पायरी राखून ठेवायची. अंक न्हाव्याच्या दुकानात पडला नि कुणी उचलला, तरी त्याला काही साधायचं नाही. ती राखलेली पायरी दहा दिवसांनी पोस्टकार्डावर, फक्त वर्गणीदारांना जायची. ती पुरवणी. ती हातात येईपर्यंत लोकांसमोर प्रयोग करायचा नाही, हे प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर असायचं.

आणि भांडणं! कुणाची जादू दुसऱ्याने स्वतःच्या नावावर छापली की संपलंच. तीन मासिकं त्यातच बुडाली. नवरा-बायकोचं पटेल, दोन जादूगारांचं पटायचं नाही.

बंद का झालं विचारतेस. मशीन बिघडलं, दुसरं काय? आणि ती कार्डं कुणातरी चक्रम वर्गणीदाराची असणार. अशांना उत्तर दिलं की डोक्यावर बसतात. चुलीत घाल.

तब्येतीला जप. सुईने बोटं टोचून घेऊ नकोस.

टकटककाका

२ एप्रिल

काका,

मशीन बिघडलं नव्हतं. कामगार क्लबाच्या त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या नोटिसा आमच्याकडे आहेत. त्याच मशीनवरच्या, तुमच्याच टाइपरायटरच्या. तुमचा 'ळ' ओळीच्या वर उडी मारतो, तो मी शंभरातून ओळखेन. माझ्यापासून काय लपवताय?

एक्केचाळीसाव्या अंकाच्या पिना काढून पाठ उलगडली तेव्हा आत चिकटवलेलं एक कात्रण मिळालं. बाबांनीच चिकटवलं असणार, त्यांचा तो जाड डिंक. बातमी चार ओळींची आहे. एक शिंपी, हौशी जादूगार, आपल्या गावातल्या एका क्लबाच्या संमेलनात बंद पेटीचा प्रयोग करत होता. पेटीवर कापडी खोळ, खोळ बाहेरून शिवलेली. बाहेर काढेपर्यंत माणूस गेला होता. तारीख सतरा फेब्रुवारी. आणि तो प्रयोग काका, आपल्या अंकात आहे. पान तीन ते सात.

आपल्या घरातल्या एकाही पेटीला झाकण नव्हतं, आठवतं? मी चौदा वर्षांची होते. एका दुपारी बाबांनी सगळ्या पेट्यांच्या बिजागऱ्या काढल्या आणि झाकणं गच्चीवर नेऊन ठेवली. कपडे, भांडी, सगळं उघडं. आई ओरडली. ते म्हणाले, "धूळ बसली तर बसू दे." कपाटाचं दारसुद्धा लावू द्यायचे नाहीत. मी मैत्रिणींना घरी आणायला लाजायचे आणि बाबांवर चिडायचे. आज कळतंय, ते त्या घरात कुणाबरोबर राहत होते.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. त्या अंकाची पुरवणी गेली होती का? माझ्या बापाच्या हातून माणूस मेला का, हे मला कळायला हवं. पुस्तक छापायचं की नाही ते त्यावर आहे.

घुबड

७ एप्रिल

बाळ,

तुला हे कधी कळू नये असं वाटत होतं. आता विचारलंसच, तर ऐक.

पुरवणी गेली नाही, कारण तुझ्या बाबांनी ती लिहिलीच नव्हती. दौऱ्यावर निघायची घाई होती, अंगात ताप होता. निघताना बसच्या खिडकीतून चार कागद दिले, त्यात ती नव्हती. परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, "मी तुला दिली होती ना?" मी म्हटलं, नाही. ते खाली बसले. उठलेच नाहीत म्हण ना. नंतर ना अंक, ना खेळ.

माणूस आहे, चुकतो. त्या शिंप्यानेही थांबायला हवं होतं, आणि खोळीला साधं जाड कापड लिहिलेलं असताना त्याने मेणकापड वापरलं, दिव्यात चमकावं म्हणून. टाके एवढे पक्के की हवा कुठून जाणार? बापाला माफ कर. चांगला माणूस होता. पुस्तकात लिहिलंच पाहिजे असं थोडंच आहे?

काका

३० एप्रिल

काका,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. दुसऱ्या दिवशी बसून ते प्रकरण लिहिलं. "संपादक पुरवणी लिहायला विसरले." हे एवढंसं वाक्य लिहायला मला सबंध दिवस लागला. मग वाटलं, छापायच्या आधी त्या घरी जाऊन सांगावं. आपल्या घरातून एकोणीस वर्षांत कुणीच गेलं नाही.

बातमीतलं गाव आणि कार्डांवरच्या शिक्क्यातलं गाव एकच निघालं. दुकान अजून आहे. खाली शिवणयंत्र, भिंतीला कापडाचे तागे, मोजायची टेप खुंटीला. शिंप्याची बायको चालवते. साठीची बाई, तोंडात टाचण्या धरून बोलते. मी कुणाची मुलगी ते सांगितलं. मला वाटलं हाकलून देईल. तिने टाचण्या काढल्या, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बसा. उशीर केलात."

कार्डं तीच पाठवते. नवऱ्याला कात्री धरता यायची, लेखणी नाही. त्याचा सगळा पत्रव्यवहार तीच लिहायची. चौदा फेब्रुवारीला त्याने तिच्याकडून लिहवून घेतलं होतं, "अंक मिळाला. पुरवणी मिळाली नाही." संमेलनाची तिकिटं गेलेली, गावभर बोर्ड लागलेले. सतरा तारखेपर्यंत वाट बघितली, मग म्हणाला, "राहिलेलं माझं मला सुचेल." तेव्हापासून दरवर्षी ती तेच वाक्य लिहून अंकावरच्या दोन्ही पत्त्यांवर टाकते, संपादकाच्या आणि व्यवस्थापकाच्या. तुमच्याकडेही एकोणीस कार्डं आलीत म्हणजे. आणि मला लिहिता, कुणी चक्रम वर्गणीदार!

मी तिला सांगितलं, माझ्या बाबांनी पुरवणी लिहिलीच नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं. मग यंत्राचा खण उघडला आणि एक कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

"मित्रा, आत शिरताच सगळ्यात आधी तळाची खुंटी काढ. हवा तिथूनच येते. बाकी सगळं नंतर."

पुरवणी, काका. ती आली होती. बावीस फेब्रुवारीला, त्याला जाळून आल्यावर चार दिवसांनी. पोस्टाचा शिक्का एकोणीस तारखेचा. आणि वर टाइप केलेली तारीख पाच फेब्रुवारी. त्यात 'तळाची'तला 'ळ' ओळीच्या वर उडी मारून बसलाय.

बाबांनी लिहिलीच नव्हती, तर तुम्ही टाइप काय केलंत? आणि पाचपासून एकोणीसपर्यंत ती होती कुठे?

मी तिथे कशी उठले, बसमध्ये कशी चढले, मला आठवत नाही. उत्तर द्या.

२६ मे

बाळ,

हे सहावं पत्र. पाच फाडली.

माझ्या खणात होती. मशीनखालच्या. एकशे चार पुरवण्या, पत्ते लिहून तयार.

पेटीची जादू माझी होती. कुणाला ठाऊक नाही. मी स्टेजवर कधी उभा राहिलो नाही, माझे पाय लटपटतात, पण ती मला सुचली होती. तुझ्या बाबांना एकदा चहा पिता पिता सांगितली. एक्केचाळीसाव्या अंकाचे कागद आले तर वर काय? 'संपादकांची नवी करामत'. आणि ते मलाच टाइप करायचं! मी केलं. एक अक्षर बोललो नाही. माझा स्वभावच मेला तसा. पुरवणीही टाइप केली, छापली, आणि खणात टाकली. म्हटलं, येऊ दे दौऱ्यावरून. विचारेल, "पुरवणी गेली ना?" मग सांगेन, आधी माझं नाव छाप. त्याने एकदा माझ्या दारात येऊन चुकलो म्हणावं, एवढंच हवं होतं मला. पुरवणी येईपर्यंत कुणी प्रयोग करत नाही. तसा नियमच होता आमचा. त्या नियमाच्या भरवशावर मी चौदा दिवस रुसून बसलो.

एकोणीसला सकाळी शिंप्याचं कार्ड आलं. लाज वाटली. त्याची तेवढी पुरवणी लगेच टाकली. संध्याकाळी 'पडद्यामागे'वाला पोस्टमन सायकलवरून बातमी घेऊन आला. मी बाकीच्या एकशे तीन जाळल्या. दोन दिवसांनी तुझे बाबा परतले नि विचारलं, "मी तुला दिली होती ना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही." तेवढं एकदा बोललो, मग मागे फिरता येईना.

पुढच्या फेब्रुवारीत कार्ड आलं. तेच वाक्य, तेच अक्षर. मी पहिलं कार्ड शेजारी ठेवून बघितलं. मेलेल्या माणसाचं अक्षर होतं ते, बाळ. तू लिहीपर्यंत मला माहीतच नव्हतं की ते बाईचं आहे. एकोणीस वर्षं फेब्रुवारी लागला की मी पोस्टमनची सायकल दिसताच मागच्या दाराने बाहेर पडतो आणि अंधारायच्या आत घरी येत नाही. घरी आलो की ते दारातच पडलेलं असतं. मशीनवर चादर टाकून ठेवलीय. तरी भर दुपारी त्याचा दांडा फिरल्यासारखा आवाज येतो. बहिऱ्या माणसाला, आणि नेमका तोच ऐकू येतो.

आता जे लिहितो ते पाचही पत्रांत लिहवलं नाही. ती राखीव पायरी मी उगाच घातली नव्हती. पेटी बनवली तेव्हा मी स्वतः आत बसून बघितलं होतं, खुंटी न काढता. आतल्या कडीपर्यंत हात जाईना. बहिणीने बाहेरून झाकण उघडलं म्हणून वाचलो. काय होतं ते मला ठाऊक होतं. ठाऊक असून पुरवण्या खणात ठेवल्या.

आणि तुझे बाबा. दवाखान्यात, शेवटच्या दुपारी, तू औषधं आणायला खाली गेली होतीस. त्यांनी पुन्हा विचारलं, "मी लिहिली होती ना रे?" सांगायला तीच वेळ होती. मी म्हटलं, "झोप आता." त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "सगळे सोडून गेले, तू तेवढा नाही गेलास."

सगळं छाप. माझ्या नावासकट छाप.

काका

९ जून

काका,

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, ते आधी सांगते. बाबांचं ते शेवटचं वाक्य वाचून मी बांधणीच्या टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि मग तुम्हाला शिव्या दिल्या, चांगल्या मोठ्याने. शेजारचा बाइंडर काम टाकून बघत राहिला. लहानपणी मी बाबांपेक्षा तुमच्या मांडीवर जास्त बसलेय. त्याचं काय करू, ते मला कळत नाही.

प्रकरण नव्याने लिहिलं. पेटीची जादू कुणाची ते लिहिलं, बाबांनी ती स्वतःच्या नावावर छापली तेही लिहिलं, आणि तुम्ही काय केलंत तेही. काल प्रेसला गेलं.

पण नुसतं छापून भागणार नाही. तुमचं पत्र घेऊन मी परत त्या दुकानात गेले होते. तिने सगळं वाचलं, तुम्ही आत बसून बघितलं तिथपर्यंत आली आणि थांबली. मला वाटलं आता बोलेल काहीतरी वाईट. ती म्हणाली, "त्यांना घेऊन या. मला क्षमाबिमा काही नको. एक विचारायचंय."

रविवारी दहाच्या बसने जाऊ. मी नऊला तुमच्या दारात येते. मागच्या दाराने निघून जाऊ नका.

सगळ्यांनी तिला तेव्हा सांगितलं की झोप लागावी तसा गेला, त्याला काही कळलं नसेल. तिचा कधी विश्वास बसला नाही. खोळीचे शेवटचे टाके बाहेरून तिनेच घातले होते, काका. टाके घालताना आतून दोनदा ठोकल्याचा आवाज आला होता. तिला वाटलं, तो खेळाचाच भाग आहे.

आत काय होतं हे जिवंत माणसांत फक्त तुम्हाला ठाऊक आहे. ती विचारेल. खोटं बोलू नका. मी तुमच्या शेजारी बसेन.